रविवारचे चार ठोके

गेट्सहेड,
सोमवार, १३ जुलै १९६४

प्रिय नेव्हिल,

देवाची कृपा तुझ्यावर असो, असं लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिते. ती तुला अजून हवी आहे का, ते तुझं तू बघ.

तुमची रेकॉर्ड पोचली. आपल्याकडे ती वाजवायचं यंत्र नाही हे तू विसरलास, पण त्यावाचून काही अडलं नाही. शनिवारी दुपारी रेडिओवरच लागली. मी भांडी विसळत होते, तुझा भाऊ पुसत होता. निवेदक म्हणाला, "टाइन नदीकाठची पाच पोरं, द टार बॅरल्स." मी म्हटलं, "डांबराची पिंपं! बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी घ्यावं असं नाव आहे का हे?" गॉर्डन हसला. मग तुझ्या गाण्याआधीचे ड्रमवरचे ते चार ठोके वाजले, आणि त्याच्या हातातली बशी हातातच राहिली. गाणं संपेपर्यंत तो हलला नाही. मग बशी फळीवर ठेवली, फडकं दोरीवर टाकलं आणि म्हणाला, "आई, हा मी नाही."

मी म्हटलं, "रेडिओवर वेगळं ऐकू येतं."

"येत असेल. पण हात माझा नाही."

त्यानंतर रात्रीपर्यंत तो बोलला नाही. तेव्हा हे जे लिहिते आहे ते माझ्या मनाने लिहिते आहे, त्याने सांगितलं म्हणून नव्हे.

मे महिन्यात एका गुरुवारी तुम्ही पाचही जणांनी ते गाणं लंडनच्या स्टुडिओत वाजवलं. काम झालं म्हणालात. म्हणून शुक्रवारी गॉर्डन घरी आला, कारण रविवारी आपल्या चॅपलच्या रविवार-शाळेचा वर्धापनदिन होता, आणि मुलांना बसायला पायऱ्यांचा मंच तो वयाच्या चौदाव्या वर्षापासून दर साली बांधतो. त्याच मंचावर तू सात वर्षांचा असताना पहिल्यांदा एकट्याने गायलास. बायका डोळे पुसत होत्या. चॅपलच्या मुलांच्या पथकाचा ढोल गॉर्डन तिथेच शिकला. चॅपलने शाळेची खोली दिली नसती, तर तुमची ती अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गाणी, रिदम अँड ब्लूज का काय ते, तुम्ही बसवणार होतात कुठे? माझ्या स्वयंपाकघरात?

आणि बरोबर त्याच रविवारी, इकडे मुलं मंचावर गात असताना, तुम्ही तिकडे तेच गाणं पुन्हा वाजवलंत. गॉर्डनच्या जागी भाड्याचा माणूस बसवून. पाकिटावर फोटो माझ्या गॉर्डनचा, आत हात कुणा परक्याचे. असलं गाणं आता देशात दुसऱ्या नंबरावर आहे म्हणे. असू दे.

आपल्या घरात रविवारी, देवाच्या विसाव्याच्या दिवशी, कात्रीसुद्धा उघडत नाहीत. बटाटे शनिवारी सोलून पाण्यात पडतात, बुटांना पॉलिश शनिवारी होतं, पत्राचं पाकीट रविवारी आलंच हातात तर सोमवारपर्यंत घड्याळामागे राहतं. हे तुला शिकवायला मी कुठे कमी पडले ते सांग.

त्या शनिवारी तू कोपऱ्यावरच्या मिसेस टेटच्या दुकानात फोन केलास. अर्ध्या तासाने पुन्हा केलास, तेव्हा तुला उत्तर मिळालं: तो येणार नाही, उद्या रविवार आहे. झालं तर मग. गॉर्डनजवळ तो फोन कधीही काढू नकोस. पोरगं आधीच दुखावलं आहे. कोण काय म्हणालं, कोणी काय निरोप दिला, हे त्याच्यापुढे उगाळू नकोस. तसं वचन मला लिहून पाठव.

तू पाठवलेल्या पैशांची पोस्टल ऑर्डर परत जोडली आहे. रविवारच्या कमाईचं मी काय आणू?

तुझी आई,
विनिफ्रेड हेस्लॉप


मंगळवार, २९ डिसेंबर १९६४

नेव्हिल,

वचन दिलंस आणि पाळलंस, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्याबद्दल आभार.

बाकी कशाबद्दल मानू? नाताळच्या दुसऱ्या दिवशी तू नवी मोटार घेऊन गल्लीत आलास, शेजारणी पडदे सारून बघत होत्या, मलाही क्षणभर बरं वाटलं. मी केक कापायला घेतला. दार गॉर्डनने उघडलं. तुम्ही दोघं सात महिन्यांनी समोरासमोर आलात आणि बोललात काय, तर एवढंच:

"रविवार कसा गेला?" हे त्याने विचारलं. तुम्ही रविवारी पुन्हा वाजवलंत एवढं त्याच्या कानावर आलं होतं.

तू म्हणालास, "तो कोणता वार होता ते तुला माहीत होतं."

"मला होतंच माहीत. तूच विसरलास."

"बरं. मग बस जाऊन आपल्या चॅपलात."

"बसतो. तू बस त्या डब्यात."

आणि तू त्या डब्यात बसून गेलास. केक कापलेला तसाच. मी मागे भरली किटली घेऊन उभी होते, बोटं भाजत होती. मी काही बोलले नाही. मोठ्या झालेल्या दोन मुलांच्या मध्ये आईने पडू नये, असं आपले पाळकसाहेबही म्हणतात.

गॉर्डनने तुमचा नाद सोडला तो कायमचा. आता तो डेअरीच्या दुधाच्या गाडीवर आहे. पहाटे चारला उठतो, तक्रार नाही. तक्रार एकच, तीही मला लोकांकडून कळते. रस्त्यावरचे लोक त्याला बघितलं की चमच्याने दुधाच्या बाटलीवर ते चार ठोके मारतात. "काय गॉर्डन, जमले का? अरे, एकदा वाजवून दाखव की लेका!" तो हसतो आणि बाटल्या ठेवून पुढे जातो. हा मी नव्हे, असं तो कुणालाही सांगत नाही. सांगितलं तर तुझी लाज जाईल. मला वाटतं, म्हणूनच सांगत नाही. तुझ्या लाजेची काळजी त्याने करावी, हे तुझं नशीब.

त्याच्या ड्रमच्या काठ्या मी कामाला लावल्या. एक स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकण म्हणून. ती वर सरकवली की वर राहत नव्हती. दुसरी कपडे उकळताना ढवळायला. लाकूड चांगलं आहे, वाया का घालवायचं.

तू पाठवलेलं कपडे धुवायचं यंत्र आलं. त्यावर मेणकापड घालून जिरेनियमच्या कुंड्या ठेवल्या आहेत. तिथे ऊन चांगलं येतं.

आई


गुरुवार, ९ मार्च १९६७

नेव्हिल हेस्लॉप यास,

वर्तमानपत्र मी विकत घेत नाही हे तुला माहीत आहे. चॅपलातल्या बाईंनी कात्रण आणून दिलं, दुमडून, दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर धरावा तसं. त्यामुळे मला सगळं एकदमच कळलं. तुमचा मॅनेजर पेनफोल्ड तिजोरी झाडून स्पेनला पळाला. गिटारवाल्या टेरीला तू भर कार्यक्रमात मंचावरून खाली ढकललंस आणि त्याचा दात पडला. तुझ्या खिशात गोळ्या सापडल्या आणि तुला न्यायाधीशापुढे उभं केलं. एका कात्रणात इतकं मावतं हे मला माहीत नव्हतं.

टेरीला मी लहानपणी आपल्या टेबलावर जेवू घातलं आहे. त्याची आई मला रस्त्यात भेटली. म्हणाली, "विनी, दात पोराचा समोरचा होता गं." मी काय म्हणणार? सॉरी म्हटलं. तुझ्या वतीनं मला किती ठिकाणी सॉरी म्हणावं लागतं, याची तुला कल्पना नाही.

चॅपलच्या मंडळीच्या बैठकीत तुझं नाव सभासदांमधून काढायचं ठरलं. तू दहाव्या वर्षी दारूला न शिवण्याची शपथ घेऊन सही केली होतीस, त्या सहीचीही कुणीतरी आठवण काढली. जमाखर्चाची आणि सभासदांची, दोन्ही वह्या माझ्याकडे असतात. तेव्हा रेघ मलाच मारावी लागली. पट्टी लावून मारली, वाकडी नको म्हणून.

तू गॉर्डनच्या नावाने वेगळं पत्र पाठवलं होतंस. मी ते त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याने न उघडता चुलीत घातलं. हे त्याने स्वतः केलं, माझा त्यात हात नाही, एवढं ध्यानात ठेव.

मग तू मला लिहिलंस: ड्रमर सोडून गेला, गॉर्डनला विचार, तो परत येईल का, तो आला तर मी माणसात येईन. उत्तर असं की तो येणार नाही. मी त्याला विचारलं नाही. विचारून काय वेगळं होणार होतं? त्याची दुधाची गाडी आहे, मंच बांधायचं काम आहे, रोज रात्री तो मला चॅपलचे हिशेब तपासायला मदत करतो. त्याचं बरं चाललं आहे. तू माणसात यायचं ते तुझं तू ये.

वि. हेस्लॉप


बुधवार, ६ सप्टेंबर १९७८

नेव्हिल,

अकरा वर्षांत तुझी आठ पोस्टकार्डं आली, सगळी जर्मनीतून, सगळ्यांवर बीअर पिणारे लोक. तब्येत बरी आहे एवढंच लिहितोस. मीही तेवढंच लिहिलं असतं, पण परवा एक गोष्ट घडली ती तुला कळवणं भाग आहे.

तुला माहीतच असेल, आता टार बॅरल्स दोन आहेत. एक तुझं, त्यात तू आणि चार अनोळखी पोरं. एक टेरीचं, त्यात तो आणि चार अनोळखी पोरं. एकाच महिन्यात दोन्ही इकडच्या कामगार क्लबांत वाजवून गेलात. गल्लीत लोक एकमेकांना विचारत होते, "खरं कुठलं गं?" मी म्हटलं, "खोटी दोन असली तर खरं कुठून शोधायचं?"

तर टेरी घरी आला. नवा दात बसवला आहे, सोन्याचा. गॉर्डनला म्हणाला, "तू माझ्या बाजूला ये. कोर्टात नावाचा दावा लावला आहे. मूळच्या पाचांतले दोघं माझ्याकडे झाले की नाव माझं. नेव्हिल बसेल बोंबलत."

गॉर्डन म्हणाला, "मी त्या रेकॉर्डवर नाही, टेरी."

"अरे, लोकांना कुठे माहीत आहे!"

"मला आहे."

टेरी हसला. "चौदा वर्षं झाली, अजून फुगून बसलाय! आणि फुगायचं तुला कारण तरी काय? तूच तर त्या दिवशी नाही म्हणा—"

मी मध्येच केक पुढे केला. टेरीच्या तोंडाला बीअरचा वास येत होताच. मी म्हटलं, "टेरी, या घरात पिऊन यायचं नाही हे तुला आठ वर्षांचा असल्यापासून ठाऊक आहे. ऊठ." आणि त्याला दारापर्यंत सोडून आले. तो उंबऱ्यावर माझ्याकडे जरा बघत राहिला. मग म्हणाला, "बरं, मावशी."

आत आले तर गॉर्डन तसाच बसलेला. "टेरी काय म्हणत होता, मी कशाला नाही म्हणालो?"

मी म्हटलं, "पिऊन आला होता. पिणाऱ्याचं काय ऐकायचं."

तू मला एक वचन दिलं आहेस. टेरीलाही ते सांगून ठेव. जुन्या गोष्टी वर काढून कुणाचं भलं होत नाही.

गॉर्डन आता छत्तीसचा झाला. एका मुलीशी जमत होतं, दुकानातल्या, चांगल्या घरातल्या. तिने एकदा सगळ्यांसमोर आग्रह केला, ते चार ठोके वाजव ना रे, माझ्यासाठी. त्यानंतर तो तिच्याकडे गेला नाही. मी तिला दोष देत नाही.

आई


शनिवार, ४ जून १९८३

नेव्हिल,

उद्या चॅपलची शेवटची उपासना आहे. आता आम्ही एकोणीस जण उरलो आहोत आणि छप्पर गळतं. इमारत सतरंज्या-गालिचे विकणाऱ्याने घेतली. वह्या मी बंद केल्या, दोन्ही बाजू जुळल्या. मंचाच्या फळ्या गॉर्डनने मोडून जळणाला आणल्या. कोरडं लाकूड आहे, हिवाळा निघेल.

मिसेस टेट गेल्या मंगळवारी वारल्या. शेवटचे दोन दिवस मी त्यांच्याजवळ बसले होते. मधूनच डोळे उघडून म्हणाल्या, "विनी, पोराला सांगितलंस का गं?" मी म्हटलं, "कोणत्या पोराला? काय?" तर हसल्या. औषधाचा अंमल होता, काय बोलत होत्या देव जाणे.

पायांना हल्ली सूज असते. गॉर्डनने ते धुवायचं यंत्र जोडून दिलं आहे. चालतं. एकोणीस वर्षं बंद होतं तरी चालतं.

आई


रविवार, १५ ऑक्टोबर १९८९
सकाळी साडेसहा

नेव्हिल,

वरचा वार बघ. माझ्या हाताने रविवारी लिहिलेलं हे पहिलं पत्र. चुकून झालेलं नाही.

गुरुवारी रेडिओवर तुझी मुलाखत ऐकली. निवेदकाने सुरुवातीलाच सांगितलं म्हणून, नाहीतर मी आवाज ओळखला नसता. कुणीतरी खडीवरून पाय ओढत चालावं तसा आवाज. सोमवारी डॉक्टर तुझी स्वरपेटी काढणार आहेत, हे मला रेडिओवरून कळलं. तू कळवलं नाहीस. का कळवशील.

त्याने तुला चार ठोक्यांबद्दल विचारलं. तू म्हणालास, "सोमवारनंतर मला बोलता येणार नाही, तेव्हा खरं काय ते सांगूनच टाकतो. तो माझा भाऊ नाही. लंडनवाल्यांना गुरुवारचं वाजवणं आवडलं नव्हतं, त्यांना दुसरा माणूस हवा होता. मी अडून बसलो. म्हटलं, सकाळी नऊच्या आत माझा भाऊ आला तर तोच वाजवेल. त्यांनी कबूल केलं. त्याने निरोप पाठवला की रविवार आहे, येणार नाही. पंचवीस वर्षं मला त्याचा राग होता. आता वाटतं, आम्हा पाचांत एकाने तरी कशाला तरी धरून ठेवलं."

गॉर्डनने रेडिओ बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, मी कधी निरोप पाठवला?"

मी म्हटलं, "उशीर झाला आहे. झोप आता."

शुक्रवारी तो कामावर गेला, आला, जेवला. काल संध्याकाळी मी बटाटे सोलायला बसले. तो समोर येऊन बसला, दुसरी सुरी घेतली आणि सोलू लागला. दोन-तीन झाल्यावर विचारलं, "त्या शनिवारी मिसेस टेट आपल्याकडे आल्या होत्या का?"

त्याला जे सांगितलं तेच तुला सांगते. त्र्याऐंशी सालच्या माझ्या पत्राला उत्तर देताना तू विचारलं होतंस, मिसेस टेट कोणत्या पोराबद्दल बोलत होत्या. मी उत्तर दिलं नव्हतं. हे ते उत्तर.

साडेसहा वाजले होते. मी गॉर्डनच्या उद्याच्या सदऱ्याला इस्त्री करत होते. मिसेस टेट धापा टाकत मागच्या दाराने आल्या. "अगं विनी, तुझ्या मोठ्याचा फोन! लंडनहून! म्हणाला, गाणं उद्या पुन्हा वाजवणार आहेत. सकाळी नऊपर्यंत गॉर्डन पोचला तर तोच वाजवेल, नाही तर भाड्याचा माणूस बसवतील. म्हणाला, मावशी, त्याला म्हणावं काहीही कर आणि ये. अर्ध्या तासाने पुन्हा करतो म्हणालाय. गॉर्डन कुठाय?"

मी म्हटलं, "चॅपलात. मंच बांधतोय."

"मग पाठव ना कुणाला! रात्री दहा वाजून पाचची गाडी आहे, माझा भाचा तिनेच जातो. सकाळी सहाला लंडन."

मी इस्त्री खाली ठेवली नाही. खिडकी उघडी होती. दोन गल्ल्या पलीकडून गॉर्डनच्या हातोडीचा आवाज येत होता. तो खिळेसुद्धा तालात मारायचा, तुला आठवत असेल. मी हाक मारली असती तर कदाचित ऐकू गेली असती.

मी म्हटलं, "सांगा त्याला. तो येणार नाही. उद्या रविवार आहे."

"अगं, पण पोराला विचार तरी!"

"मी सांगते ना, तो येणार नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग गेल्या. सदऱ्याची कॉलर राहिली होती, ती मी पुरी केली.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी खोटं बोलले नाही. तो येणार नाही म्हटलं आणि तो आला नाही. विसाव्याच्या दिवसाची चौथी आज्ञा पाळली, पोराला पाळायला लावली, आणि काय? पण गाडी शनिवारची होती, नेव्हिल. तिकीट शनिवारी निघालं असतं. विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता ते मला माहीत होतं, म्हणून तर विचारलं नाही. तू तर गेलेलाच होतास. तुझे वडील गेलेले. तो गाडीत बसला असता की माझ्या घरात मी आणि घड्याळ. मी आज्ञा पाळली नाही, आज्ञेमागे लपले. देवाचं नाव पुढे करून मी आपला मुलगा घरी ठेवून घेतला. सदुसष्ट साली तू हात पसरलास, तेव्हाही न विचारता त्याच्या तोंडचं उत्तर मीच दिलं.

नाताळात तुम्ही दोघं दारात उभे होतात. त्याला वाटलं, तू त्याला फसवलंस. तुला वाटलं, त्याने तुला टाकलं. मध्ये मी किटली घेऊन उभी. एक वाक्य पुरलं असतं. मी बोटं भाजू दिली आणि तेवढ्यानेच मला फार सोसल्यासारखं वाटलं.

हे सगळं सांगत असताना गॉर्डनने सोलणं थांबवलं नाही. आम्हा दोघांना चार बटाटे लागतात. त्याने टोपलीतले सगळे सोलले, आठवड्याचे. मग सुरी धुतली, पुसली आणि विचारलं, "उद्या लंडनची पहिली गाडी किती वाजता आहे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "उद्या रविवार—"

"वार मला माहीत आहे, आई."

रविवारच्या गाड्या वेगळ्या असतात हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. कधी बघायची वेळ आली नाही. शेजारच्यांनी फोन करून विचारलं. सव्वाआठची आहे, वाटेत रेंगाळते, दुपारी पोचते. तुला संध्याकाळी दाखल करून घेणार आहेत असं तू रेडिओवर म्हणालास. म्हणजे तुम्हाला दुपारचे चार-पाच तास मिळतील.

आत्ता तो पिशवी भरतो आहे. थोड्या वेळापूर्वी स्वयंपाकघरात आला आणि खिडकीची टेकण काढून घेतली. खिडकी धाडकन खाली आली, काच तडकली. त्याने वळून पाहिलं नाही. म्हणाला, "दुसरी कुठे आहे?" मी कपड्यांच्या टबामागून काढून दिली. एक काठी चुलीच्या धुराने काळी, एक साबणाने पांढरीफटक, टोक उकलून केसाळ झालेलं. दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातल्या. त्या घेऊन तो दवाखान्यात काय करणार, मी विचारलं नाही.

मी म्हटलं, "बुधवारपर्यंत येशील ना?"

तो म्हणाला, "आधी त्याच्याशी बोलतो. तुझ्याशी बोलायचं का, ते नंतर बघू."

दुपारच्या जेवणाला मी किती शिजवावं हेही कळत नाही. बटाटे सगळे सोललेले आहेत.

हे पाकीट मी चिकटवलेलं नाही. रविवारी टपाल निघत नाही, म्हणून त्याच्याच हाती देते आहे. गाडीत त्याला वाचावंसं वाटलं तर वाचू दे. मी त्याला सांगितलं त्याहून यात एक अक्षर कमी-जास्त नाही.

माफ कर, असं लिहायला घेतलं होतं, खोडलं. उद्या तुझ्याकडे आवाज राहणार नाही, आज तो माझ्यावर खर्च करू नकोस. भावाशी बोल. काय बोलायचं राहिलं ते सगळं बोल. आणि मला काही सांगायचं असलं, चांगलं-वाईट काहीही, तर गॉर्डनजवळ सांगून ठेव. तो मला निरोप देईल किंवा देणार नाही. ते आता त्याच्या हातात आहे. नाही दिला, तर मी विचारणार नाही.

आई